एका डॉलरचे तीन डॉलर

अमेरिकेतल्या कंपनीमालकाला आपल्या कारकुनाच्या रक्तातल्या साखरेची काळजी का वाटावी, याचं उत्तर १९४२ सालात सापडतं. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं, कारखान्यांना माणसं मिळत नव्हती आणि महागाई आवरण्यासाठी रूझवेल्ट सरकारने पगारवाढीला लगाम घातला होता. पगार वाढवता येईना, तेव्हा माणसं ओढायला कंपन्यांनी आरोग्य विम्याची वाट धरली, कारण त्या बंधनातून विमा वगळलेला होता. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला प्रीमियम कर्मचाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही हे पक्कं केलं. युद्धकाळातली तात्पुरती सोय कायमची होऊन बसली.

आज तिचा आकडा पाहिला की डोळे पांढरे होतात. २०२४ साली अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक आरोग्य विम्याचा वर्षाचा सरासरी प्रीमियम २५,५७२ डॉलर होता. त्यातले ६,२९६ डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले गेले, उरलेले मालकाने भरले. त्यातही एक मेख आहे. विमा असलेल्या सुमारे ६३ टक्के कर्मचाऱ्यांच्या बाबतीत विमा कंपनी फक्त कागदपत्रं हाताळते आणि उपचारांचे पैसे थेट मालकाच्या खिशातून जातात. अशा कंपनीत एखाद्याची बायपास झाली की त्याचं बिल कंपनीच्या ताळेबंदात उतरतं. साहेबाला कर्मचाऱ्याच्या पोटाच्या घेरात रस वाटू लागतो तो इथून.

या रसातून जो धंदा उभा राहिला त्याला वेलनेस म्हणतात. त्याचा साचा आता आपल्याकडच्या कंपन्यांमध्येही ओळखीचा झाला आहे. आधी एक लांबलचक प्रश्नावली: सिगारेट ओढता का, झोप किती, भाजी किती, मन उदास असतं का. मग एका सकाळी ऑफिसच्या हॉलमध्ये टेबलं मांडून वजन, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. त्यानंतर ज्याचे आकडे वाकडे त्याला फोनवरून सल्ला, सगळ्यांसाठी पावलं मोजण्याची स्पर्धा, आणि भाग घेणाऱ्यांना गिफ्ट कार्ड किंवा प्रीमियममध्ये सूट.

या क्षेत्रातलं जुनं आणि आदराने घेतलं जाणारं नाव जॉन्सन अँड जॉन्सनचं. १९७९ मध्ये, जेम्स बर्क अध्यक्ष असताना, कंपनीने ‘लिव्ह फॉर लाइफ’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. व्यायामाची सोय, सिगारेट सोडवण्याचे वर्ग, ताणावर सल्ला, उपाहारगृहात बरं अन्न, असं सगळं त्यात होतं. कंपनीच्या कारभाऱ्यांचा अंदाज असा की एका दशकात या कामामुळे आरोग्यखर्चात २५ कोटी डॉलर वाचले. २००२ ते २००८ या काळाचा संशोधकांनीही अभ्यास केला, तेव्हा तशाच मोठ्या कंपन्यांच्या तुलनेत इथला खर्च वर्षाला सरासरी ३.७ टक्के-बिंदूंनी कमी वाढलेला दिसला. म्हणजे यात काहीच तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण हे तीस वर्षांत मुरलेलं काम होतं, आणि औषधांच्या व पट्ट्यांच्या धंद्यातली श्रीमंत कंपनी ते करत होती. इतरांना मात्र हाच निकाल दोन वर्षांत हवा होता.

मग २००९ उजाडलं. ओबामांच्या आरोग्य कायद्यावर वॉशिंग्टनमध्ये रणकंदन चाललं होतं. सेफवे या किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीचे प्रमुख स्टीव्हन बर्ड यांनी जूनमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहिला. बहुतेक कंपन्यांचा आरोग्यखर्च चार वर्षांत ३८ टक्के वाढला, आमचा तिथल्या तिथे राहिला, असा त्यांचा दावा होता. श्रेय त्यांनी कर्मचाऱ्यांच्या वागणुकीशी जोडलेल्या प्रीमियमला दिलं: वजन, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू या चार कसोट्यांवर उतरा आणि कमी पैसे भरा. दोन्ही पक्षांच्या खासदारांना ही गोष्ट फार आवडली. सरकारचा पैसा लागत नाही, कर वाढत नाही, आणि जबाबदारी ज्याची त्याच्यावर. कायद्यात जे कलम आलं त्याला लोक ‘सेफवे दुरुस्ती’च म्हणू लागले. प्रीमियमच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत बक्षीस किंवा दंड लावायची मुभा मालकांना मिळाली.

जानेवारी २०१० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हिशेब तपासला. कसोट्यांवर प्रीमियम ठरवण्याची पद्धत सेफवेत २००८ साली आली होती. खर्च उतरला होता २००६ मध्ये, विम्याची सगळी रचना बदलली तेव्हा. जी योजना त्यातला बराच काळ अस्तित्वातच नव्हती तिने चार वर्षं खर्च रोखून धरला, असा तो चमत्कार होता. तोवर दावा देशभर पोचला होता, आणि दोनच महिन्यांनी कायदाही झाला.

त्याच वर्षी, २०१० मध्ये, धंद्याला विद्वानांचा शिक्काही मिळाला. हार्वर्डच्या कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला: वेलनेसवर खर्चलेल्या दर डॉलरमागे आरोग्यखर्च सुमारे ३.२७ डॉलरने कमी होतो आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरने. एका डॉलरचे तीन डॉलर! हा आकडा पुढची दहा वर्षं वेलनेस विकणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या सादरीकरणात झळकला. लेखकांनी आपल्या लेखात ज्या सावधगिरीच्या ओळी लिहिल्या होत्या त्या अर्थातच तिथे नव्हत्या. आवळा देऊन कोहळा काढायची संधी दिसली की माणूस तळटीप वाचत बसत नाही.

तळटीपेत काय असतं, तर हे अभ्यास कसे झाले. त्यातले बरेच असे की कंपनीत कार्यक्रम सुरू होतो, काही जण येतात, काही येत नाहीत. वर्षाने आलेल्यांचा खर्च न आलेल्यांशी ताडून पाहतात. आलेल्यांचा कमी भरतो, आणि फरक कार्यक्रमाच्या खात्यात जमा होतो. आता आपल्या ऑफिसात पावलं मोजायच्या स्पर्धेला पहिलं नाव कोण देतं हे आठवून पाहा. जो आधीच पहाटे टेकडी चढून येतो, तो. ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्याला दोन तासांच्या प्रवासानंतर घरी म्हाताऱ्या आईचं करायचं आहे, तो त्या ईमेलकडे बघतही नाही.

दुसरी गोम त्याहून सूक्ष्म आहे. गेल्या वर्षी ज्यांच्यावर सर्वांत जास्त खर्च झाला अशा माणसांना ‘जास्त धोक्याचे’ म्हणून निवडायचं, त्यांना वर्षभर फोन करायचे आणि वर्षअखेरीस त्यांचा खर्च घटला म्हणून पाठ थोपटून घ्यायची. पण ज्याची गेल्या वर्षी बायपास झाली त्याची या वर्षी पुन्हा होत नाही. फोन न करताही त्याचा खर्च उतरणारच होता.

या दोन्ही गोष्टींवर जुना आणि खात्रीचा उपाय आहे: चिठ्ठ्या टाकायच्या. औषधाची परीक्षा आपण तशीच घेतो. कोणाला गोळी द्यायची आणि कोणाला नाही हे रुग्णाच्या हौसेवर सोडत नाही. कंपन्यांच्या कार्यक्रमांबाबत मात्र हे धाडस कोणी मोठ्या प्रमाणावर करत नव्हतं. २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात डेमन जोन्स, डेव्हिड मोलिटर आणि जूलियन रीफ या तीन अर्थतज्ज्ञांनी ते केलं. विद्यापीठाच्या १२,४५९ कर्मचाऱ्यांना बोलावणं गेलं, ४,८३४ जणांनी नाव दिलं. त्यांच्यातून नशिबाने ३,३०० जणांना कार्यक्रमात घेतलं आणि १,५३४ जणांना बाहेर ठेवलं. आत आलेल्यांसाठी तपासणी, प्रश्नावली, वर्ग आणि रोख बक्षिसं होती.

निकाल असा की आरोग्यखर्चात फरक नाही, गैरहजेरीत नाही, जिममध्ये जाण्यातही नाही. वाढलं ते एवढंच: तपासणी करून घेणाऱ्यांचं प्रमाण, आणि ‘आमच्या व्यवस्थापनाला आमच्या तब्येतीची कदर आहे’ ही भावना. पण मला त्यांच्या कामातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. चिठ्ठीने आत आलेल्यांपैकीही काही जण वर्गांना आले, काही आले नाहीत. संशोधकांनी याच मंडळींवर जुनी पद्धत लावून पाहिली, म्हणजे आलेल्यांची न आलेल्यांशी तुलना केली. लगेच भरघोस बचत दिसू लागली! पोकळ नफा कुठून येतो हे त्यांनी एकाच आकडेवारीतून दोन्ही बाजूंनी दाखवलं. मागे जाऊन पाहिलं तर भाग घेणाऱ्यांचा खर्च कार्यक्रम सुरू होण्याआधीपासूनच कमी होता. गावातल्या वार्षिक मॅरेथॉनच्या याद्या चाळल्या तर पळणारी मंडळीही तीच होती. कार्यक्रमाने धावपटू घडवले नव्हते, गोळा केले होते.

एका विद्यापीठाचं उदाहरण सगळ्यांना कसं लागू पडेल, असं कोणी म्हणेल. तर दुसरी परीक्षा दुकानांत झाली. बीजेज होलसेल क्लब ही अमेरिकेच्या पूर्व भागातली घाऊक दुकानांची साखळी आहे. कर्मचारी बहुतेक तासावर मजुरी मिळवणारे. १६० ठिकाणं, ३२,९७४ कर्मचारी. त्यातली २० ठिकाणं नशिबाने निवडून तिथे आहारतज्ज्ञांमार्फत कार्यक्रम राबवला गेला. अठरा महिन्यांनी, त्या ठिकाणी नियमित व्यायाम करतो म्हणणाऱ्यांचं प्रमाण ८.३ टक्के-बिंदूंनी आणि वजनाकडे लक्ष देतो म्हणणाऱ्यांचं १३.६ टक्के-बिंदूंनी जास्त भरलं. कोलेस्टेरॉल, बीपी, वजनाचा काटा, हजेरी, कामाची प्रत आणि उपचारांचा खर्च यांत मात्र ठळक फरक कुठेच नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये हा अभ्यास अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. लेखक होते झिरुई साँग आणि कॅथरिन बेकर. २०१० मध्ये एका डॉलरचे तीन डॉलर दाखवणाऱ्या तिघांपैकी हे दोघं. तीन वर्षांच्या आकड्यांवर २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिलं, तेव्हाही चित्र तेच होतं. आपल्याच गाजलेल्या आकड्याची अशी कठोर परीक्षा घेणारे विद्वान फार नसतात. या सगळ्या कहाणीत कोणाला नमस्कार करायचा असेल तर मी या दोघांना करीन.

पण असं का व्हावं? चांगलं खाल्लं, चाललं, सिगारेट सोडली तर माणूस कमी आजारी पडतो यात शंका नाही. मग पैसे का वाचत नाहीत?

पहिलं कारण खर्चाच्या वाटणीत आहे. कुठल्याही मोठ्या समूहात उपचारांचा निम्म्याच्या आसपास खर्च पाच टक्के माणसांवर होतो. कर्करोग, अवघड बाळंतपण, अपघात, मूत्रपिंड निकामी होणं. सगळ्यांना सॅलडचा सल्ला देऊन या पाच टक्क्यांच्या बिलाला धक्का लागत नाही. दुसरं कारण काळाचं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने आज वजन उतरवलं तर टळणारा हृदयविकार वीस वर्षांनंतरचा. अमेरिकेत माणूस एका मालकाकडे टिकतो किती? २०२४ च्या सरकारी पाहणीत मध्यक मुदत ३.९ वर्षं होती. आणि पासष्टी गाठली की तो सरकारी मेडिकेअरच्या छत्राखाली जातो. मालकाने आज लावलेल्या झाडाची फळं एक तर दुसरा मालक खाणार किंवा सरकार.

तिसरं कारण ऐकायला कडू लागतं. प्रतिबंध उपचारापेक्षा बरा, हे तब्येतीच्या दृष्टीने खरं असलं तरी पैशाच्या दृष्टीने बहुतेक वेळा खरं नसतं. शंभर जणांना तपासायचं तेव्हा त्यातल्या दोघांचं दुखणं लवकर सापडतं, आणि खर्च शंभरांवर होतो. शिवाय काठावरचे आकडे आलेल्या दहा जणांना पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्यात लोटलं जातं ते वेगळंच. २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रतिबंधक उपायांच्या शेकडो हिशेबांचा आढावा आला होता. त्यात खरोखर पैसे वाचवणारे उपाय वीस टक्क्यांहून कमी निघाले. उरलेले करू नयेत असं कोणी म्हणत नाही. आयुष्य वाढतं, त्याची किंमत द्यावी लागते, एवढंच. फक्त ती किंमत ‘बचत’ या नावाखाली विकू नये.

मग पैसे कुठेच वाचत नाहीत का? वाचतात, पण वेगळ्या खिडकीवर. पेप्सिको कंपनीच्या कार्यक्रमाची सात वर्षांची आकडेवारी रँड या संशोधन संस्थेने तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. या कार्यक्रमाचे दोन भाग होते. एक निरोगी लोकांना सवयी सुधारायला मदत करणारा, दुसरा आधीच मधुमेह, दमा, हृदयविकार असे जुनाट आजार असलेल्यांना सांभाळणारा. पहिल्यात घातलेल्या डॉलरमागे अर्धा डॉलर परत आला, म्हणजे निम्मं भांडवल बुडालं. दुसऱ्यात डॉलरमागे ३.८० डॉलर आले. एकूण बचतीतला ८७ टक्के वाटा या आजारी गटाचा होता, आणि हा गट होता भाग घेणाऱ्यांच्या अवघ्या १३ टक्के. त्यांच्यात रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरलं. इथेही चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या हे ध्यानात ठेवावं. पण बचतीचा मार्ग डोळ्यांना दिसतो: माणूस ठरलेली औषधं घेतो, म्हणून इमर्जन्सीत दाखल होत नाही.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल या डोंगराळ गावातलं आहे. १९९७ च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांसाठी एक साधा सौदा केला. गावातल्या औषध दुकानातल्या, खास शिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला ठरावीक काळाने भेटायचं, शुगर कशी तपासायची, गोळ्या कधी घ्यायच्या, पाय कसे जपायचे ते शिकायचं. बदल्यात मधुमेहाची औषधं आणि तपासणीचं साहित्य यांवर स्वतः भरायचा वाटा माफ. फार्मासिस्टला या वेळेचे पैसे नगरपालिका देणार. गावातल्या मोठ्या रुग्णालय समूहानेही आपल्या नोकरांसाठी हेच सुरू केलं. पाच वर्षांच्या नोंदी २००३ मध्ये छापल्या गेल्या. औषधांचा खर्च वाढला होता. अर्थात वाढणारच, कारण लोक आता ती घेत होते. पण डॉक्टर आणि रुग्णालयांची बिलं त्याहून जास्त उतरली आणि दर रुग्णामागे वर्षाचा एकूण थेट वैद्यकीय खर्च सुरुवातीच्या तुलनेत १,२०० ते १,८७२ डॉलरने कमी भरला. आजारपणाच्या रजाही दर वर्षी घटत गेल्या. इथे अ‍ॅप नव्हतं, पावलं मोजणारं घड्याळ नव्हतं. ओळखीचा औषधवाला होता आणि फुकट गोळ्या होत्या.

सिगारेटच्या बाबतीतही पुरावा भक्कम आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नुसती माहिती, निम्म्यांना माहिती आणि टप्प्याटप्प्याने एकूण ७५० डॉलर: वर्ग पूर्ण केला तर १००, सहा महिन्यांत सिगारेट सोडली तर २५०, आणखी सहा महिने दूर राहिलं तर ४००. नऊ ते बारा महिन्यांनी पैसे मिळणाऱ्यांतले १४.७ टक्के सुटले होते, इतरांतले ५ टक्के. बक्षीस थांबल्यावरही, पंधरा ते अठरा महिन्यांनी, ९.४ विरुद्ध ३.६. तिप्पट यश, पण मूळ आकडा किती लहान आहे तोही पाहा. शंभरातले नव्वद अजून ओढतच होते.

आता बचतीचा आणखी एक प्रकार, जो माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. समजा, वेलनेसमुळे कोणाचीच तब्येत सुधारली नाही, पण वजन किंवा बीपीच्या कसोटीवर नापास झालेल्यांकडून जास्त प्रीमियम घेतला. मालकाचा खर्च तर कमी झालाच. पैसा बरा झालेल्या शरीरातून आला नाही, आजारी माणसाच्या पगारातून आला. २०१३ मध्ये संशोधक जिल हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच शंका मांडली होती, आणि अशा नापासांत गरीब कर्मचारी जास्त असण्याचा धोकाही. जास्त बीपी, जास्त वजन, तंबाखू हे सगळं पगाराच्या उतरंडीला धरून खाली वाढत जातं.

लोकांना हे बरोब्बर कळतं. २०१३ च्या उन्हाळ्यात पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठाने ठरवलं की ऑनलाइन प्रश्नावली भरणार नाही त्याला महिन्याला १०० डॉलर दंड. त्या प्रश्नावलीत मूल होऊ देण्याचा बेत आहे का इथपर्यंत विचारलं होतं. प्राध्यापक खवळले, सह्यांची मोहीम झाली आणि सप्टेंबरात विद्यापीठाने दंड स्थगित केला. वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांवर तब्येतीची माहिती नोंदवणारं अ‍ॅप लादायचं ठरलं, न वापरल्यास महिन्याला २५ डॉलर. मूळ संताप तुटपुंज्या पगाराचा आणि वाढत्या प्रीमियमचा होता, पण या अ‍ॅपने त्यावर तेल ओतलं. योजना मागे घेतली गेली तरी २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ५५ काउंटींतल्या शाळा नऊ दिवस बंद पडल्या, आणि शिक्षकांनी पाच टक्के पगारवाढ घेऊनच पुन्हा वर्गात पाऊल ठेवलं. न्यायालयातही प्रश्न गेला. ३० टक्क्यांचा बडगा असताना माहिती देणं ‘ऐच्छिक’ कसं, याचं पटेल असं उत्तर हा नियम करणाऱ्या सरकारी आयोगाला देता आलं नाही, असं २०१७ मध्ये न्यायाधीश जॉन बेट्स यांनी म्हटलं आणि तो नियम १ जानेवारी २०१९ पासून रद्द झाला.

आणि मुळात माणूस आजारी पडतो तो घरी बसून वडे खाल्ल्यामुळेच का? लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून मायकेल मार्मट यांच्या नावाशी जोडलेला प्रसिद्ध अभ्यास झाला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे टेबलावरची कामं करणारे किंवा दारावरचे शिपाई. कोणी उपाशी नव्हता, उपचार सगळ्यांना सरकारी आणि मोफत. तरी दहा वर्षांत तळच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर वरच्यांच्या तिप्पट निघाला. सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब घालूनही फरकाचा थोडाच भाग उलगडला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या फेरीत एक गोष्ट ठळक झाली: आपलं काम कसं आणि केव्हा करायचं यावर ज्यांचा ताबा नाही, त्यांना हृदयविकार जास्त. स्टॅनफर्डच्या जेफ्री फेफर यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या कामाच्या जाचाचा हिशेब मांडला. लांबलेले तास, नोकरीची धास्ती, विमा नसणं, घर आणि काम यांची ओढाताण अशा गोष्टींमुळे वर्षाला १,२०,००० च्या वर मृत्यू आणि देशाच्या आरोग्यखर्चाचे पाच ते आठ टक्के, असा त्यांचा अंदाज आहे. वेलनेसच्या प्रश्नावलीत ‘तुम्हाला ताण आहे का’ हा प्रश्न असतो. ‘तुमची पाळी आयत्या वेळी कोण बदलतं’ हा नसतो. पहिल्याचं उत्तर आलं की प्राणायामाचा वर्ग ठेवता येतो. दुसऱ्याचं आलं तर मॅनेजरला बोलवावं लागेल.

हे सगळं आपल्याकडे कसं उतरतं? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी अमेरिकेचा साचा उचलला, पण आपल्या विम्याची घडण वेगळी आहे. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम मुख्यतः रुग्णालयात भरती होण्याचा खर्च देतो, आणि पुढच्या वर्षीचा प्रीमियम गेल्या वर्षीच्या क्लेमवरून ठरतो. मधुमेहाच्या किंवा बीपीच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांची तपासणी, डॉक्टरची फी हे बहुतेक पॉलिसींत कर्मचाऱ्याच्या खिशातून. म्हणजे अ‍ॅशव्हिलच्या बरोबर उलट: जे स्वस्त आहे आणि भरती टाळतं ते माणसाने स्वतः भरायचं, आणि ते परवडलं नाही किंवा कंटाळा आला म्हणून पाय सडला की लाखभर रुपयांचं बिल विम्याने भरायचं. ज्या एचआर विभागाला खरोखर क्लेम कमी करायचे आहेत त्याने झुंबाच्या वर्गाचे पैसे मधुमेही कर्मचाऱ्यांच्या औषधांवर घालून पाहावेत. गंमत अशी की रोजच्या गोळ्या आणि रुग्णालय हे दोन्ही एकत्र देणारी व्यवस्था आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने आणलेली आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेली ईएसआय योजना दवाखाना, औषधं आणि रुग्णालय सगळंच देते, शिवाय आजारपणात पगाराचा भागही. फक्त ती महिना २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारदारांसाठी आहे. तिच्या दवाखान्यांतल्या रांगांबद्दल ज्याला सांगायचं आहे तो पुष्कळ सांगेल, पण तिच्या रचनेत अक्कल होती.

दुसरा फरक आईवडिलांचा. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांच्या पॉलिसीत कर्मचाऱ्याचे आईवडीलही असतात, आणि नोकरी निवडताना मुलं हे आवर्जून विचारतात. एचआरच्या कपाटातली क्लेमची यादी काढली की त्यात मोतीबिंदू असतो, गुडघ्याचे सांधे असतात, अँजिओप्लास्टी असते. त्यातले कितीतरी रुग्ण सांगलीत, अकोल्यात किंवा चिपळूणला राहतात आणि त्यांनी कंपनीचं ऑफिस कधी पाहिलेलंही नसतं. हिंजवडीत महिनाभर पावलांची स्पर्धा होते, रोज दहा हजार पावलं चालणाऱ्या इंजिनिअरला टी-शर्ट आणि व्हाउचर मिळतं. क्लेमच्या यादीत त्याच्या वडिलांचं नाव दोनदा असतं. त्याचं स्वतःचं नसतं, आणि स्पर्धेच्या आधीच्या वर्षीही नव्हतं.